आम्ही सगळे कर्ण

चार माणसं जमलेल्या मराठी घरात कर्णाचा विषय काढू नये. काढला की प्रत्येक पुरुष खुर्चीत थोडा ताठ होतो, आवाज आपोआप खर्जात जातो आणि दहा मिनिटांत चर्चा कुरुक्षेत्रावरून थेट रिजनल ऑफिसात येते. ज्याला चीफ मॅनेजर करायला हवं होतं आणि केलं नाही, तो कर्ण. धाकट्याला विहिरीकडची जमीन गेली आणि ज्याच्या वाट्याला माळ आला, तो कर्ण. एकांकिका स्पर्धेत ज्याचा अभिनय परीक्षकांना 'उत्तेजनार्थ' वाटला, तोही कर्णच. आमच्या जिन्यावर तर सगळे कर्णच राहतात. त्यांचं आपसांत पटत नाही, कारण समोरच्या दारातला अर्जुन आहे याबद्दल प्रत्येकाची खात्री आहे.

याचं श्रेय शिवाजी सावंतांना द्यावं लागेल. १९६७ साली 'मृत्युंजय' आली आणि कवचकुंडलं घरोघरी पोचली. त्याच सुमारास इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये ह्याच कर्णाला कोरड्या डोळ्यांनी तपासलं होतं. पण 'युगान्त' कपाटात आदराने उभं राहिलं आणि 'मृत्युंजय' उशाशी गेली. पुढे रणजित देसाईंचा 'राधेय' आला, तेव्हा जे कुणी चुकून अर्जुन उरले होते तेही इकडे आले.

मीही कर्णच. माझी अडचण एवढीच, की माझ्यापाशी पुरावा नाही. मला कुणी टाकलेलंच नाही. आईने नदीत सोडणं दूर राहिलं, मे महिन्यात सहलीला पाठवतानासुद्धा स्वेटर बांधून दिला होता. शाळेने वर चढवलं, हापिसाने सांभाळून घेतलं, सोसायटीच्या कमिटीवर मी बिनविरोध निवडून आलो, कारण दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही. ज्या घरात जन्मलो त्या घरच्यांना कुठल्या वाड्याच्या दारातून कधी कुणी परत पाठवलं नव्हतं. परत पाठवणारे असतील तर आमच्यातलेच असतील. एका मावसभावाने गृहप्रवेशाचं आमंत्रण फोन न करता नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललं, यापलीकडे माझ्या वनवासाची कुठे नोंद नाही.

म्हणून मी वनवास पदरचे पैसे घालून मिळवला. मी इंग्रजी फँटसी वाचू लागलो. आमच्याकडे पन्नाशीच्या माणसाने जादूगार आणि राक्षसांची जाडजूड पुस्तकं वाचणं म्हणजे मुंजीत स्वतःच बटू होऊन पाटावर बसणं. लोक तोंडावर हसत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. मला तेच हवं होतं. त्यातही मी टॉल्किन वगैरे सर्वमान्य देवस्थानं टाळून स्टीफन डोनाल्डसन नावाचं आडवाटेचं ठाणं गाठलं. "थॉमस कॉव्हनंटचे मी दहाच्या दहा भाग वाचलेत," हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत टाकून पाहिलं आहे, दिवाळी अंकांच्या प्रकाशनात टाकून पाहिलं आहे आणि एकदा वैकुंठावरून परतताना रिक्षातही. "कोण हा?" असं विचारण्याचं सौजन्य कुणी दाखवत नाही. रिक्षातल्या काकांनी फक्त "बरं" म्हटलं आणि सुट्टे आहेत का ते विचारलं.

तर, कोणी विचारलेलं नसताना सांगतो. हा कॉव्हनंट अमेरिकेतल्या एका लहान गावातला लेखक. पहिलीच कादंबरी धोधो खपलेली. घरी बायको, तान्हा मुलगा. आणि त्याला कुष्ठरोग होतो. हाताला जखम झाली, चिघळली, पण हात बधिर, त्याला पत्ताच नाही. उजव्या हाताची दोन बोटं कापावी लागतात. तो लुइझियानातल्या कुष्ठधामात राहून घरी परततो तोवर बायको मुलाला घेऊन निघून गेलेली असते. गाव काय करतं? दगड मारत नाही. गाव सुसंस्कृत आहे. गाव त्याची बिलं परस्पर भरून टाकतं, म्हणजे बिल भरायच्या निमित्ताने तो बाजारात यायला नको.

हा तपशील मला सगळ्या मालिकेतल्या राक्षसांपेक्षा भीतिदायक वाटतो. ही गावकरी मंडळी मला ओळखीची वाटतात. मीटिंग घेऊन, ठराव करून, वर्गणी काढून त्यांनी हे केलं असणार. आभारप्रदर्शनही झालं असेल.

माझं फोनचं बिल मी स्वतः भरणार, एवढ्या एका हट्टाने तो गावात जातो, पोलिसांच्या गाडीपुढे कोसळतो आणि शुद्धीवर येतो तो दुसऱ्याच जगात. तिथली मातीसुद्धा औषधी. तिथे त्याचे मेलेले मज्जातंतू जागे होतात. तिथे फार पूर्वी दोन बोटं गमावलेला एक थोर वीर होऊन गेला आहे, त्यामुळे ज्या हाताने त्याला इथे वाळीत टाकलं त्याच हातामुळे तिथे त्याच्या पायांवर फुलं पडतात. बोटातली पांढऱ्या सोन्याची लग्नाची अंगठी, जी तो घटस्फोटानंतरही काढत नाही, तीच तिथलं सर्वांत मोठं अस्त्र ठरते. एवढं सगळं ताटात वाढलेलं असताना हा गृहस्थ म्हणतो, मी हे मानत नाही. हे स्वप्न आहे. ते त्याला आर्जवाने विनवतात, हा मान हलवतो. शेवटी त्याची पदवीच 'अश्रद्ध' अशी पडते.

आमच्या सौभाग्यवतींनी मलपृष्ठावरचा मजकूर वाचून विचारलं होतं, "अहो, दहा पुस्तकं झाली आणि ह्याला अजून खात्रीच नाही?" मालिकेवरचा हा सर्वांत थोडक्यातला अभिप्राय असावा. पण त्याच्या नाही म्हणण्याला कारण आहे. बधिर हाताच्या माणसाने 'आपला हात बरा झाला' असं एकदा मनाशी धरलं, की दुसऱ्या दिवशी तो तापल्या तव्यावर हात टेकवतो. कॉव्हनंट जिवंत आहे तो दिवसातून अनेकदा आपले हातपाय निरखून तपासतो म्हणून. विश्वास ठेवणं ही चैन त्याला परवडत नाही.

इथवर सगळे वाचक त्याच्या बाजूने असतात. आणि मग, कथा नुकती कुठे रुळावर येत असताना, मज्जातंतू जागे झाल्याच्या त्या धक्क्यात, हा नायक आपल्याला माती लावून बरं करणाऱ्या लेना नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करतो.

ह्या पानापाशी वाचक फुटले. १९७७ साली पहिले तिन्ही भाग एकदमच बाहेर पडले, तेव्हापासून फुटलेले आहेत. एका पक्षाने पुस्तक भिंतीवर फेकलं आणि ते परत उचललं नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पुढे वाचा, सगळी मालिका ह्या एका गुन्ह्याच्या व्याजावर उभी आहे. तिसरा पक्ष गुन्ह्यापर्यंत पोचतच नाही. तो म्हणतो की नायक कुरकुर फार करतो, निर्णय घेत नाही आणि लेखकाला शब्दकोश उघडा ठेवून लिहायची खोड आहे. ह्या तिसऱ्यांपैकी निक लो नावाच्या इंग्रज टीकाकाराने १९८६ साली एक खेळ सांगून ठेवला आहे. प्रत्येकाने डोनाल्डसनचा एकेक भाग हातात घ्यायचा, वाटेल ते पान उघडायचं आणि कुणीतरी दात, मूठ किंवा जबडा 'क्लेंच' करतंय ते शोधायचं. ज्याला आधी सापडेल तो जिंकला. मी घरी हा खेळ आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाटून लावून पाहिला. राजांची मुद्रा गंभीर झाली की जिंकलं, असा नियम ठेवला. सासऱ्यांनी पहिल्याच पानावर बाजी मारली, पुस्तक मिटलं आणि चहा मागितला.

पण वाचकांच्या मतांबद्दल बोलायचं तर मला लायब्ररीबद्दल बोलावंच लागेल, आणि मी बोलणारच आहे.

माझ्याकडचे पहिले तीन भाग दादरच्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीतले आहेत. लायब्ररी बंद झाली तेव्हा मालकांनी इंग्रजी पेपरबॅक वजनावर काढले. वर जाड प्लास्टिकचं कव्हर, शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली सूचना: 'पुस्तकात पेन्सिलीने अथवा शाईने खुणा करू नयेत.' त्या सूचनेखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे, 'सहमत'.

मराठी समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानांनी नियतकालिकं चाळली, परिसंवाद ऐकले, विद्यापीठांची दप्तरं उपसली. समास कुणी पाहिले नाहीत. मी पाहिले आहेत. लायब्ररीच्या पुस्तकांत लिहिणारा मराठी वाचक ही माझ्या अभ्यासाची खरी शाखा आहे आणि तीत मला कुणी प्रतिस्पर्धी नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. त्यात सर्वांत दुष्ट तो, जो रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवतो आणि खाली रेघ मारतो. त्याला कुणी शोधून काढलेलं नाही, कारण त्याचं नाव लिहून ठेवणारा कुणी निघाला नाही. दुसरा शुद्धलेखनवाला. नायिका क्षयाने प्राण सोडते आहे, नायक गुडघ्यांवर आहे, आणि हा 'दिर्घ'मधला दि दुसरा करतो आहे. तिसरा फक्त 'वा!' लिहितो. पण प्रत्येक 'वा!'चं वजन वेगळं असतं. काही एवढे दाबून लिहिलेले, की मागच्या पानावर उलटे उमटतात. चौथा पुस्तकाचा कागद म्हणून उपयोग करतो: डाळ, साबण, 'प्लंबर गुरुवारी'. मला एका तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात मृत्यूवरच्या प्रकरणाच्या शेवटी 'गॅस नंबर लावणे' असं सापडलं होतं, आणि त्या प्रकरणावर त्याहून समर्पक भाष्य मला सुचलेलं नाही. पाचवा वाद घालणारा. तो लेखकाशी वाद घालत नाही, आधीच्या पेन्सिलीशी घालतो. 'काय कळलं तुम्हाला?' असं एकाने लिहायचं, 'तुमच्यापेक्षा जास्त' असं दुसऱ्याने, आणि तिसऱ्याने दोघांना कंसात टाकून 'पुरे' म्हणायचं. एका ग्रामीण कादंबरीत हे भांडण सलग अकरा पानं चाललेलं मी वाचलं आहे. कादंबरी काय होती आता आठवत नाही.

आणि सहावा मी. माझी पेन्सिल एचबी, टोक काढलेली, अक्षर लहान. मी समासात 'तु. दस्तयेव्हस्की' असं लिहितो. तुलना कशाची, कशाशी, हे पुढच्याने शोधावं. पुढचा वाचक थबकेल, मनाशी म्हणेल, 'इथे कोणीतरी अधिकारी माणूस येऊन गेला आहे', ह्या कल्पनेने मला जे समाधान मिळतं ते माझ्या छापून आलेल्या लेखांनीही दिलेलं नाही. स्वतःच्या मालकीच्या पुस्तकांतही मी असं लिहितो. पुढचा वाचक तिथे कोण, हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला होता. मी विषय बदलला.

तर लेनाचं ते पान. मी तिथे पोचलो तेव्हा पेन्सिल हातात तयारच होती. बलात्कारी नायक, अपराधभाव, प्रायश्चित्त, असं काहीतरी वजनदार लिहायचं योजलं होतं. पण समास आधीच भरलेला होता. मराठीत, तीन वेगवेगळ्या हातांनी.

सर्वांत वर, गोल अक्षरात: 'इथे थांबले.'

त्याखाली, घाईच्या तिरक्या अक्षरात: 'पुढे वाचा. ह्याचा हिशोब होतो.'

आणि त्याखाली, पुन्हा दुसऱ्याच हाताने, शाईत: 'हिशोब त्याचा होतो. लेनाचा कुठे होतो?'

मी तुलनेसाठी काढलेली पेन्सिल खिशात ठेवली.

तिरक्या अक्षरवाल्याचं खोटं नाही. लेनाची आई अटियारन दुसऱ्याच दिवशी सगळं जाणते आणि तरीही ह्या माणसाला घेऊन पायी निघते, कारण त्याने आणलेला निरोप राज्यकर्त्यांपर्यंत पोचला नाही तर सगळा मुलूख जाईल. ती त्याला मारत नाही. त्यांच्यात तशी शपथ आहे. ती वाटेत त्याच्याशी धड बोलूही शकत नाही. ही वाटचाल मी आजवर वाचलेल्या प्रवासवर्णनांत सर्वांत कठीण. शेवटी नदीकाठी त्याला दुसऱ्याच्या हवाली करते आणि मागे फिरते. त्या गुन्ह्यातून जन्मलेली मुलगी पुढच्या भागात त्याच मुलखाची सर्वाधिकारी होऊन ह्याच्यासमोर उभी राहते. लेखकाने गुन्हा विसरू दिलेला नाही, हे खरं. पण शाईवालीचा किंवा शाईवाल्याचा प्रश्न तसाच राहतो. लेना पुढे दिसते ती वाट पाहून भ्रमिष्ट झालेली. त्याच्या अपराधभावाला दहा भाग मिळाले, तिच्या वाट्याला काही पानं.

घरात ह्या विषयातलं खरंच कळणारं एकच माणूस आहे. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे आणि कुष्ठरोग झालेल्यांना हातपाय सांभाळायला शिकवते. माझं ज्ञान सत्कारणी लागावं म्हणून मी तिला पहिला भाग दिला. तिने तो इतर वाचकांसारखा वाचला नाही, रुग्णाचे कागद वाचावेत तसा वाचला.

"मामा, हा तपासणी बरोबर करतो. घरात सामानाला आपटायला नको म्हणून मोकळ्या वाटा ठेवतो, तेही बरोबर. पण हा उघड्या पात्याने दाढी का करतो?"

मी म्हणालो, ते प्रतीक आहे. तो रोज मरणाच्या समोर उभा राहतो.

"माझ्याकडे कुणी असं प्रतीक करायला लागला तर मी पातं काढून घेईन," ती म्हणाली.

मग तिने मला तिच्या कामाचं सांगितलं. मी दहा भाग वाचून जे शिकलो नव्हतो ते तिने चहा निवायच्या आत सांगितलं. बोटं रोगाने गळून पडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस चटका, काटा, फोड अंगावर काढतो, ती जखम खोल जाते आणि मग बोट जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं आणि आपण ज्याला शाप समजत होतो ते वेदनेचं नसणं निघालं. म्हणून ती रोज शिकवते ते असं: रात्री पाय पाण्यात भिजवा, आरसा खाली धरून तळवा बघा, चपलेत पाय घालण्याआधी हात फिरवून खडा आहे का बघा, चहाचा पेला फडक्याने धरा. तिच्याकडे येणाऱ्या एका आजोबांच्या चपलेत सुपारीचं खांड निघालं होतं. आजोबा त्यावरून बाजाराला जाऊन आले होते. घरी आल्यावर नातीने रक्ताचे ठसे पाहिले आणि विचारलं, आबा, पान कोणी थुंकलं?

ही गोष्ट सांगताना भाची हसली, मीही हसलो. मग दोघांनीही हसणं बंद केलं.

"तुझ्या पुस्तकाबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे," ती म्हणाली. "एवढ्या जाड पुस्तकात कुष्ठरोग झालेला मुख्य माणूस एकच, आणि तोच बलात्कारी? लोक आधीच काय कमी घाबरतात?"

मी तिला डोनाल्डसनचं चरित्र सांगून गप्प करायचा प्रयत्न केला. तो तीन वर्षांचा असल्यापासून सोळाव्या वर्षापर्यंत भारतात वाढला. वडील अस्थिशल्यचिकित्सक, इथे कुष्ठरुग्णांवर उपचार करायचे. कुष्ठरोगावरचं वडिलांचं भाषण ऐकताना त्याला हा नायक सुचला. म्हणजे हा परदेशी बसून कल्पनेने रंगवलेला रोगी नाही. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मग त्याने तर जास्तच जपायला हवं होतं." ह्यावर काय बोलावं हे मला अजून सुचलेलं नाही. अटियारनची वाटचाल एका पारड्यात टाकली तरी भाचीचं पारडं खालीच राहतं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. १९७७ साली हे पुस्तक आलं तेव्हा हा रोग जन्माचा समजला जायचा, पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित औषधांचा उपचार सुचवला, आता सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. "पण मामा, हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाला कुष्ठरोग हे कारण होतं, ते कधी काढलं माहितीय? २०१९ साली." मी मनात हिशोब केला. कॉव्हनंटच्या बायकोवर मी गेली कित्येक वर्षं समासात रागावत होतो. 'क्रूर' असं दोनदा लिहिलंय. त्या सगळ्या काळात माझ्या देशाच्या कायद्याने तिच्या हाती कागद देऊन ठेवला होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण मला राग आलेला आहे आणि तो कुठेतरी काढायला हवा.

'नायक आवडत नाही', ही कॉव्हनंटबद्दलची सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. गुन्ह्यामुळे आवडत नाही म्हणणाऱ्यांपुढे मी हात जोडतो, ते बरोबर आहेत. पण त्यातल्या कितीतरी जणांना तो गुन्ह्याच्या आधीपासूनच आवडलेला नसतो. तो कडवट आहे म्हणून, सारखा संशय घेतो म्हणून, उपकार मानत नाही म्हणून. आम्हाला वाळीत टाकलेला माणूस हवा असतो, पण तो देखणा हवा, दानशूर हवा, जन्मजात कुंडलं घालून आलेला हवा. शेवटी तो राजघराण्यातलाच निघाला तर सोन्याहून पिवळं. कर्ण आम्हाला आवडतो कारण तो मुळात सूतपुत्र नाहीच. सूतपुत्रच असता तर त्याच्यावर मराठीत किती कादंबऱ्या आल्या असत्या?

ह्याची परीक्षा होऊनही गेली. कॉव्हनंट तिकडे आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७८ साली, इकडे दया पवारांचं 'बलुतं' आलं. १९८० साली लक्ष्मण मानेंचा 'उपरा' आला. कल्पनेतलं काही नाही, दुसऱ्या जगात जायची सोय नाही, गावकुसाबाहेरचं जिणं जसंच्या तसं. आमच्या घरात ती पुस्तकं आली, वाचली गेली, आणि 'मृत्युंजय'वर डोळे पुसणारे आमचे थोर वडीलधारे पहिल्यांदा काय म्हणाले ते मला ऐकू येतं आहे: "लिहिलंय प्रभावी, पण भाषा जरा कडवट." बिलं परस्पर भरून टाकणारी भाषा ती हीच.

वाळीत पडलेल्यांच्या कथा वाचताना प्रत्येक जण स्वतःला वाळीत पडलेला समजतो. वाळीत टाकणारं गाव मी आहे, असं समासात लिहिलेलं मला आजवर एकाही पुस्तकात सापडलेलं नाही. आणि माझ्या ह्या अभ्यासाला प्रतिस्पर्धी नाही हे वर आलंच आहे.

डोनाल्डसनला पहिल्या पुस्तकासाठी अमेरिकेतल्या सत्तेचाळीस प्रकाशकांनी नकार दिला होता. माझी 'साभार परत' पत्रं मी जपून ठेवली आहेत, पण सत्तेचाळीसचा आकडा गाठायचा तर मराठीत एवढे प्रकाशक गोळा तरी कुठून करायचे? शेवटी लेस्टर डेल रे यांनी त्याला पदराखाली घेतलं. पुढे बक्षिसं मिळाली. २०१३ साली दहावा भाग येऊन मालिका संपली. त्या दहाव्या भागापर्यंत पोचलेल्या माणसाला माझ्याशिवाय मी भेटलेलो नाही. असाल तर कळवा, मी आनंदाने दुःखी होईन.

आता शेवटचं मत, कारण ते दिल्याशिवाय मला झोप लागत नाही. पहिले तीन भाग वाचा. आवडतील असं मी म्हणत नाही. लेनाच्या पानापाशी थांबावंसं वाटलं तर थांबा, तो वाचकाचा हक्क आहे आणि त्याबद्दल तुम्हाला हळवं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पुढचे तीन सुटीत. शेवटचे चार माझ्यासाठी सोडा, माझी प्रतिष्ठा त्यांच्यावर अवलंबून आहे. आणि माझा दुसरा भाग ज्यांनी गेल्या दिवाळीत वाचायला म्हणून नेला त्यांनी तो परत करावा. समासात काही लिहिलं असलं तर खोडू नका. त्या शाईवाल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं असलं तर पुस्तक आधी भाचीकडे पोचवा.